पंचेचाळीस हजारांची सवलत की ६.९९ टक्क्यांचं कर्ज?

डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पगार दर महिन्याला बँकेत जमा होतो, आणि चतुर्थीपूर्वी नवी गाडी दारात यावी अशी घरच्यांची इच्छा आहे. कर्ज सात लाखांचं, पाच वर्षांसाठी. शोरूमने दोन पर्याय दिले आहेत. पहिला, किमतीत ४५,००० रुपयांची रोख सवलत घ्या आणि कर्ज हवं तिथून काढा. दुसरा, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेतलं ६.९९ टक्क्यांचं कर्ज घ्या, पण मग रोख सवलत नाही. त्यांची पगाराची बँक ९.२५ टक्के सांगते. शोरूममधल्या विक्रेत्याने हिशेब मांडून दाखवला की ६.९९ घेतलं तर पाच वर्षांत व्याजाचे ४५,५०० रुपये वाचतात, म्हणजे सवलतीपेक्षा पाचशे जास्तच. हे खरं का, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय धाकट्या भावाला टॅक्सीसाठी गाडी घ्यायची आहे, त्यालाही हेच लागू पडेल का, हा जोडप्रश्न.

मी बरीच वर्षं वाहनकर्जांचं काम करतो. आधी शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर होतो, नंतर कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला आलो, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब जवळून पाहिला आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर माझं उत्तर असं: ४५,००० घ्या आणि कर्ज आपल्या बँकेतून काढा. पण कर्जाची रक्कम, मुदत किंवा बँकेचा दर यातलं एक जरी बदललं तरी उत्तर उलटू शकतं. म्हणून कारण नीट समजून घ्या, म्हणजे शोरूममध्ये आकडे फिरले तरी तुम्ही गोंधळणार नाही.

विक्रेत्याची बेरीज बरोबर आहे. सात लाखांना पाच वर्षांसाठी ९.२५ टक्क्यांनी हप्ता येतो १४,६१६ रुपये. ६.९९ ने येतो १३,८५८. फरक महिन्याला ७५८ रुपयांचा, साठ हप्त्यांचा मिळून साधारण ४५,५००. चूक आहे ती तुलनेत. हे ४५,५०० तुमच्या हातात थोडेथोडे येणार, शेवटचे ७५८ तर पाच वर्षांनी. सवलतीचे ४५,००० पहिल्याच दिवशी मिळतात, आणि त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवर व्याज भरावं लागत नाही. सवलत घेतलीत तर कर्ज सात लाखांऐवजी ६,५५,००० एवढंच लागेल. त्यावर ९.२५ टक्क्यांनी हप्ता बसतो १३,६७६ रुपये. म्हणजे ज्या कर्जाचा दर जास्त दिसतो त्याचाच हप्ता महिन्याला १८० रुपयांनी कमी. पाच वर्षांत जवळजवळ अकरा हजारांचा फायदा, तोही सवलतीच्या बाजूने.

याला एक अट आहे. सवलतीचे पैसे खरोखर कर्जातून वजा झाले पाहिजेत. सवलत घेतली, कर्ज सात लाखच ठेवलं आणि मधले पैसे सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील यांत गेले, तर वरचा हिशेब लागू होत नाही. शोरूममध्ये सवलत आणि ॲक्सेसरीज यांची बोलणी एकाच बैठकीत होतात, ती वेगळी करा.

आता कुठल्याही योजनेला लावता येईल असा ढोबळ हिशेब सांगतो. बँकेचा दर सव्वानऊच्या आसपास असेल, तर एक लाखाच्या कर्जावर, पाच वर्षांच्या मुदतीत, व्याजदरातल्या एका टक्क्याची आजची किंमत, म्हणजे पुढे हप्त्याहप्त्याने वाचणारे पैसे आजच एकरकमी मिळाले तर जेवढे होतील ती रक्कम, साधारण २,३०० रुपये. तीन वर्षांच्या मुदतीत साधारण १,४५०. सात वर्षांच्या मुदतीत साधारण ३,१००. तुमच्या बाबतीत दरातला फरक २.२६ टक्क्यांचा, कर्ज सात लाखांचं, मुदत पाच वर्षं: गुणाकार केलात तर ३६,३०० च्या जवळ येतो. म्हणजे ६.९९ च्या पाटीची तुमच्यासाठीची आजची किंमत ३६,३०० रुपये, आणि समोर ४५,००० रोख आहेत.

आता यातला एकेक आकडा बदलून पाहा. तुम्ही डाउन पेमेंट वाढवून कर्ज चार लाखांवर आणलंत, तर स्वस्त दराची किंमत पावणेएकवीस हजारांच्या आसपास उतरते, पण रोख सवलत ४५,००० च राहते. कर्ज जितकं लहान तितकी रोख सवलत सरस. उलट कर्ज दहा लाखांचं असतं तर स्वस्त दर ५२,००० च्या घरात गेला असता आणि मी तुम्हाला ६.९९ घ्यायला सांगितलं असतं. तुमच्या दरांवर आणि पाच वर्षांच्या मुदतीवर ही सीमा साधारण ८ लाख ६७ हजारांच्या कर्जावर येते.

मुदतीचंही तसंच. सात लाख सात वर्षांसाठी घेतले तर स्वस्त दराची किंमत ४८,७०० होते, म्हणजे सवलतीच्या थोडी वर. पण सात वर्षांचं कर्ज शेवटपर्यंत कोण चालवतं? माझ्या पाहण्यात पगारदार माणूस बोनस आला, पीएफ काढला, बागायतीचे पैसे आले की आधी गाडीचं कर्ज मिटवतो. स्वस्त दराचा फायदा हप्त्याहप्त्याने मिळतो. कर्ज मध्येच फेडलं की उरलेला फायदा तिथेच संपतो. रोख सवलत मात्र मिळून गेलेली असते. तुमच्याच आकड्यांवर, दोन वर्षांनी कर्ज एकरकमी मिटवायचं ठरवलं तर ६.९९ वाल्याला साधारण ४,४८,९०० भरावे लागतील आणि सवलत घेतलेल्याला ४,२८,५००. वीस हजारांचा फरक, आणि तोवर त्याने हप्ताही थोडा कमीच भरलेला असेल. म्हणून मी समोरच्याला सर्वांत आधी विचारतो: हे कर्ज तुम्ही प्रत्यक्षात किती वर्षं चालवणार आहात? कागदावरची मुदत नंतर पाहू.

तिसरी गोष्ट, तुम्हाला बाहेर कोणत्या दराने कर्ज मिळतं. तुमची नोकरी पक्की, पगार बँकेत, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक, चांगला असावा, म्हणून ९.२५. ज्याला बाहेर ११ टक्क्यांखाली कोणी देत नाही, त्याच्यासाठी याच सात लाखांवर ६.९९ ची किंमत ६२,६०० होते. त्याने डोळे मिटून कंपनीची योजना घ्यावी. शोरूम एकच आणि गाडीही तीच असली तरी दोघांचं उत्तर वेगळं येतं. शेजाऱ्याने काय घेतलं यावरून ठरवू नका ते यासाठी.

कंपन्या हे का करतात ते कळलं की घासाघीस करणं सोपं जातं. ६.९९ ने पैसे देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी स्वतः नुकसान सोसत नसते. तिला तिचा नेहमीचा दर मिळतोच. मधला फरक गाडी बनवणारी कंपनी, कधी डीलरही वाटा उचलून, कर्ज वाटप होतानाच भरून देतात. आमच्या धंद्यात याला सबव्हेन्शन म्हणतात. कंपनी दर महिन्याला प्रत्येक मॉडेलमागे ठरावीक रक्कम बाजूला काढते. ती रोख सवलतीत द्यायची, जुनी गाडी दिल्यावर मिळणाऱ्या एक्स्चेंज बोनसमध्ये, कॉर्पोरेट सवलतीत की व्याज उतरवायला वापरायची, एवढाच प्रश्न असतो. म्हणून दोन्ही एकदम मागितलं की विक्रेता नकारार्थी मान हलवतो. पैसा एकच आहे.

मग रोख सवलतच का देत नाहीत? छापील किंमत उघडपणे खाली आली तर गेल्या महिन्यात गाडी घेतलेला ग्राहक चिडतो, जुन्या गाड्यांचे भाव पडतात, आणि एकदा उतरवलेली किंमत परत चढवणं अवघड जातं. व्याजाची योजना महिनाअखेरीस गुपचूप बंद करता येते. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ सालीच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली होती, आणि सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ग्राहक घरी बसले तेव्हा त्याच कंपनीने शून्य टक्क्यांची कर्जं जाहीर करून लोकांना शोरूममध्ये परत आणलं.

व्याज चढं असताना या पाट्या जास्त का दिसतात आणि जास्त महाग का पडतात, तेही बघा. आपल्याकडे रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता. तिथून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ वर गेला आणि पुढची दोन वर्षं तिथेच थांबला. २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला. बँक साडेसात टक्क्यांनी कर्ज देत असेल तेव्हा सात लाखांवर ६.९९ ची पाटी लावायला कंपनीला साडेआठ हजारांच्या आत खर्च येतो. बँक ९.२५ घेत असेल तर त्याच पाटीला ३६,००० लागतात. म्हणजे एकच आकडा वेगवेगळ्या काळात वेगळी सवलत देतो. कंपनी हा खर्च करते, कारण बहुतेक ग्राहक किंमत पाहत नाही, हप्ता पाहतो. व्याज वाढलं की हप्ता आवाक्याबाहेर जातो आणि गाड्या उभ्या राहतात.

उभी गाडी डीलरला परवडत नाही. तो कंपनीकडून गाड्या उचलतो त्या कर्जावरच. नऊ लाखांच्या गाडीवर दहा टक्क्यांनी महिन्याला साडेसात हजार रुपये नुसतं व्याज जातं. वाहन विक्रेत्यांच्या फाडा या संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांचा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतका झाल्याचं सांगितलं होतं. अशा वेळी डीलरच्या हातात कंपनीच्या योजनेवर स्वतःचे दहा-पंधरा हजार घालायची तयारी असते, फक्त आपण योग्य गाडी मागायची. कोणती गाडी यार्डात सर्वांत जास्त दिवस उभी आहे, ते विचारा. रंग चालत असेल तर तिच्यावर बोला. मात्र उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहून घ्या, कारण ते आरसीवर येतं आणि विकताना खरेदीदार तेच पाहतो. आपल्या खाऱ्या हवेत आणि गोव्याच्या पावसात उघड्या यार्डात महिनेमहिने उभी राहिलेली गाडी घेताना बॅटरी, टायर आणि गाडीखालचे नटबोल्ट बघा. गंज धरलेला दिसला तर ती गाडी सोडून द्या.

चतुर्थीची घाई मला समजते. पण सणाची पाटी आणि चांगला भाव यांचा संबंध दरवेळी असतोच असं नाही. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जीएसटी कमी होणार ही घोषणा १५ ऑगस्टला झाली होती, आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस इथून सरळ १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी चतुर्थीचा हट्ट सोडून दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरवलं, त्यांना कुठल्याही सणाच्या ऑफरपेक्षा जास्त मिळालं. दरवर्षी असं होत नाही. पण मुहूर्तासाठी गाडी आणि भावासाठी गाडी, यातलं आपल्याला काय हवं हे घरात आधी ठरवा. मुहूर्त हवा असेल तर त्याचे पाच-दहा हजार मोजायला काहीच हरकत नाही, ते माहीत असून मोजावेत एवढंच. आणि चतुर्थीची गाडी ठरवायची तर बोलणी आषाढातच सुरू करा. भर पावसात शोरूम रिकामी असतात आणि मॅनेजरकडे वेळही असतो.

आता पैसे कुठून गळतात ते. योजना चांगली मिळाली म्हणून खूश झालेला ग्राहक पुढच्या कागदांवर न वाचता सह्या करतो, आणि कमावलेले चाळीस हजार तिथेच परत जातात. सर्वांत मोठी गळती विम्याची. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा. फरक पडतो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यावर जोडून घ्यायच्या जादा संरक्षणात, म्हणजे ॲड-ऑनमध्ये. हा भाग एक वर्षाचाच घेतला तरी चालतो, आणि कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं असतं. शोरूमच्या कोटेशनला बाहेरचं कोटेशन लावून पाहा, हजारो रुपयांचा फरक निघतो. विमा आमच्याकडूनच घेतला तरच ही सवलत, असं सांगितलं तर ते लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकदा अट मागे घेतली जाते. आपल्याकडच्या पावसात पाणी तुंबतं, तेव्हा इंजिनाचं संरक्षण देणारं ॲड-ऑन मात्र जरूर घ्या.

हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, फाइल चार्ज अशा नावाने काही रक्कम लावली असेल तर ती काढायला सांगा. एक्स्चेंज बोनस असेल तर जुन्या गाडीची किंमत आधी बाहेर दोन ठिकाणी विचारून ठेवा. बोनस तीस हजार आणि गाडीची किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी, असे सौदे मी खूप पाहिले आहेत.

कर्जाच्या कागदांत तीन गोष्टी. पहिली, फ्लॅट दर. कोणी साडेपाच टक्के फ्लॅट म्हणालं तर भुलू नका. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच लावतात, तुम्ही फेडलेलं मुद्दल वजा होत नाही. पाच वर्षांसाठी साडेपाच टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ दहा टक्के. दुसरी, आज गाडी न्या आणि हप्ता तीन महिन्यांनी सुरू. त्या तीन महिन्यांचं व्याज माफ झालं असं कोणी लिहून देत नसेल तर ते मुद्दलात मिसळलं जातं. सात लाखांवर ९.२५ ने ते सोळा हजारांच्या वर जातं. तिसरी, प्रक्रिया शुल्क. ६.९९ च्या योजनेत हे बँकेपेक्षा बरंच जास्त लावलेलं मी पाहिलं आहे, आणि ते जोडलं की स्वस्त दर तितका स्वस्त राहत नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या शून्य टक्के हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य व्याज असं काही नसतं, व्याज शुल्काच्या आड लपवलेलं असतं. वस्तूवर सवलत असेल तर व्याजदर उतरवण्यापेक्षा ती किमतीतून वजा करून उरलेल्या रकमेचं कर्ज द्यावं, असंही त्यात होतं. मला ती भूमिका आजही योग्य वाटते. किमतीतली सवलत सगळ्यांना दिसते, कळते आणि कर्ज लवकर फेडणाऱ्यालाही पूर्ण मिळते.

या तिन्हींवर एकच कागद उपयोगी पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर दिलेला असतो. व्याज, प्रक्रिया शुल्क आणि कर्जासोबत वसूल केलेला विमा वगैरे सगळं धरून तो काढतात. बँकेचा आणि कंपनीच्या योजनेचा, दोन्ही एपीआर शेजारी ठेवा आणि वरच्या हिशेबात ९.२५ आणि ६.९९ ऐवजी ते आकडे घाला. हा कागद मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत असा नियम आहे. कर्जाबाबत आजच सही करा असा आग्रह कोणी धरला तर हा नियम दाखवा. गाडीवरची सवलत मात्र महिनाअखेरीस खरोखर संपू शकते, त्यावर हा नियम चालत नाही. म्हणून हा कागद वीस तारखेच्या आत मागून घ्या.

दर पुढे उतरले तर काय, हेही तुमच्या मनात असेल. गाडीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, रेपो खाली आला तरी हप्ता बदलत नाही. मुदतीआधी फेडण्यावर शुल्क किती, तेही त्याच कागदात वाचा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, व्यक्तींनी घरगुती कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर असं शुल्क लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जांना ही सूट नाही. तुमच्या बँकेत दोन्ही प्रकार उपलब्ध असतील आणि तुम्ही कर्ज लवकर मिटवणार असाल, तर पाव टक्का जास्त असला तरी बदलत्या दराचं कर्ज मी सुचवेन.

तर तुमच्यापुरतं: ४५,००० ची सवलत इनव्हॉइसवर दाखवायला सांगा, ॲक्सेसरीजच्या रूपात स्वीकारू नका. पगाराच्या बँकेला ९.२५ वरून थोडं खाली यायला सांगा, कंपनीचं ६.९९ चं कोटेशन हातात असलं की बँकेचा मॅनेजर ऐकतो. मग शोरूमला विचारा की सवलत ४५,००० असतानाच कॉर्पोरेट सवलत वेगळी मिळेल का. तुमचा कारखाना त्यांच्या यादीत असेल तर ओळखपत्राच्या प्रतीवर ती मिळते, आणि वेर्ण्यातले बरेच जण ती मागतच नाहीत. कंपनीने दर ५.९९ वर आणला तर मात्र पुन्हा हिशेब करा. तेव्हा फरक ३.२६ टक्क्यांचा होतो, त्याची किंमत बावन्न हजारांच्या आसपास जाते, आणि कर्ज पाचही वर्षं चालवणार असाल तर तो पर्याय सरस ठरतो.

तुमच्या भावाचं वेगळं आहे. मी पाहिलेल्या बहुतेक कमी व्याजाच्या योजना खासगी नोंदणीच्या गाड्यांसाठी असतात, पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला किंवा काळ्या पाटीच्या रेन्ट अ कॅबला त्या मिळत नाहीत. व्यावसायिक वाहनाचा दर जास्त, विमा वेगळा. म्हणून काही जण सुचवतात की गाडी खासगी म्हणून स्वस्त कर्जावर घ्या आणि पर्यटकांना भाड्याने द्या. हे भावाला अजिबात करू देऊ नका. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडी गेली, दावा गेला, हप्ते मात्र चालू, आणि कर्जाच्या करारातली अटही मोडलेली. व्याजात वाचणारे चाळीस-पन्नास हजार त्यापुढे काहीच नाहीत.

टॅक्सीच्या कर्जात दरापेक्षा हप्त्याचं वेळापत्रक महत्त्वाचं. ऑक्टोबर ते मे धंदा असतो, जून ते सप्टेंबर हातात फार काही येत नाही. पगारदाराच्या मापाने बारा महिने सारखा हप्ता बांधला की पहिल्याच पावसाळ्यात दोन हप्ते थकतात, दंड लागतो, सिबिल बिघडतो. सीझनमध्ये मोठा आणि पावसात लहान असा हप्ता बांधून देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेत, भावाने ते तोंडाने मागितलं पाहिजे, आपण होऊन कोणी देत नाही. अर्धा टक्का जास्त दर लागला तरी तो घ्यावा. डिचोलीत हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तुमच्याच भागात ट्रक दारात उभे होते आणि हप्ते थांबले नव्हते. त्या ट्रकांना किती टक्क्यांनी कर्ज मिळालं होतं यापेक्षा मालकाकडे सहा महिने हप्ता भरण्याइतकी शिल्लक होती की नाही, यावर बरंच काही ठरलं. भावाने डाउन पेमेंट वाढवण्यासाठी घरातली सगळी शिल्लक रिकामी करू नये. किमान एका पावसाळ्याचे चार हप्ते वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि मगच गाडी बुक करावी. एवढे पैसे बाजूला पडत नसतील तर या सीझनला दुसऱ्याची टॅक्सी चालवून ते जमवावेत, गाडी पुढच्या वर्षीही मिळेल.